परावटू ग्रंथी, घड्याळ आणि यादी

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता. १८४९ साली तो मेला आणि रिचर्ड ओवेन या नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले. त्या अवाढव्य धुडाच्या मानेत, अवटू ग्रंथीला चिकटलेला, पिवळसर रंगाचा एक लहानसा गोळा ओवेनला आढळला. त्याने त्याची नोंद केली, पण तो कशासाठी आहे हे काही त्याला सांगता आले नाही. पुढे स्वीडनमधील उप्साला येथे ईवार सँडस्ट्रोम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या मानेत तसाच गोळा दिसला. मग त्याने पन्नास मानवी शवे तपासली आणि १८८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच त्या परावटू ग्रंथी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गळ्यात त्या चार असतात. प्रत्येक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम. अवटू ग्रंथीच्या मागे दडून बसलेल्या या दाण्यांचे काम मात्र मोठे आहे. रक्तातील कॅल्शियमवर त्यांचा सतत पहारा असतो. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंमधील संदेशवहन, हृदयाचे ठोके, रक्ताचे गोठणे या सर्वांना कॅल्शियम लागते, आणि तेही अगदी ठरावीक मर्यादेत: १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. पातळी किंचित घसरली की परावटू ग्रंथी आपले संप्रेरक रक्तात सोडतात. ते हाडांच्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करते, मूत्रपिंडांना लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला लावते आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देऊन आतड्यातील शोषण वाढवते. पातळी पुरेशी वाढली की ग्रंथी हात आखडता घेतात. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या ‘पुनर्भरण नियंत्रणा’चे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

कधीकधी चारांपैकी एका ग्रंथीत गाठ होते आणि ती या नियंत्रणाला जुमानेनाशी होते. रक्तात कॅल्शियम भरपूर असले तरी ती संप्रेरक ओततच राहते. हाडे पोखरली जातात, मूतखडे होतात, थकवा येतो. उरलेल्या तीन निरोगी ग्रंथी बिचाऱ्या गप्प बसतात, कारण कॅल्शियम आधीच जास्त आहे. या विकारावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हिएन्नात फेलिक्स मांडल याने १९२५ मध्ये एका ट्राम वाहकावर केली. त्या काळी कित्येकांचा समज उलटा होता. हाडे झिजतात म्हणजे परावटू ग्रंथी कमी पडत असणार, असे त्यांना वाटे. म्हणून मांडलने आधी रोग्याला बाहेरून परावटू ग्रंथी बसवून पाहिली. गुण येईना, तेव्हा त्याने गळा उघडला आणि तेथे सापडलेली गाठ काढून टाकली. रोग्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. (काही वर्षांनी विकार परतला, हेही सांगितले पाहिजे.)

याच सुमारास अमेरिकेतील एका जहाजाच्या कप्तानाची हाडे इतकी खचली होती की त्याची उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली होती. त्याच्या गळ्यावर सहा वेळा शस्त्रक्रिया झाल्या आणि सहाही वेळा गाठ सापडली नाही. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती मिळाली, गळ्यात नव्हे, तर खाली छातीत. मात्र या यशानंतर काही आठवड्यांतच तो वारला.

या दोन गोष्टींत शस्त्रवैद्यापुढची खरी अडचण दडलेली आहे. गाठ शोधणे अवघड आहेच. पण एक गाठ काढल्यावर पडणारा प्रश्न अधिक अवघड आहे: काम संपले का? बहुतेक रोग्यांत, म्हणजे शंभरांतील ऐंशी ते पंच्याऐंशी जणांत, एकच ग्रंथी बिघडलेली असते. बाकीच्यांत दोन किंवा अधिक. एक काढून जखम शिवली आणि दुसरी आत राहिली, तर रोग्याला पुन्हा टेबलावर यावे लागते, आणि दुसऱ्या वेळी गळा उघडणे पहिल्याहून धोक्याचे असते, कारण जुन्या व्रणात स्वरयंत्राच्या नसा चटकन ओळखू येत नाहीत. उलट, खात्रीसाठी प्रत्येक वेळी चारही ग्रंथी उकरून पाहाव्यात, तर निरोगी ग्रंथींना इजा होण्याची भीती. डोळ्यांना हे कोडे सुटत नाही. रक्ताला सुटते.

रक्तातील संप्रेरक इतके अल्प असते की ते मोजणे हीच एके काळी अशक्य कोटीतील गोष्ट होती. परावटू संप्रेरकाची निरोगी पातळी एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा ते पासष्ट पिकोग्रॅम असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडे व किरणोत्सर्गी अणू यांच्या साहाय्याने असे सूक्ष्म मोजमाप करण्याची रीत काढली. आधी इन्सुलिन मोजले गेले, १९६३ मध्ये परावटू संप्रेरकाची पाळी आली. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते. पण या चाचणीचे उत्तर यायला फार वेळ लागे. तोवर रोगी शुद्धीवर येऊन घरीही गेलेला असे! १९८८ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील सॅम्युअल नुसबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीचा वेळ इतका कमी केला की शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर मिळू लागले. पाठोपाठ मायामी येथील जॉर्ज अर्विन यांनी ती रोजच्या वापरात आणली. आज किरणोत्सर्गी अणूंची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली आहे. एक प्रतिपिंड संप्रेरकाच्या रेणूचे एक टोक पकडते, दुसरे प्रतिपिंड दुसरे टोक, आणि त्या दुसऱ्याला जोडलेले रसायन चमकते. जितका उजेड जास्त, तितके संप्रेरक जास्त.

आता यातील गणित पाहू. परावटू संप्रेरक रक्तात फार काळ टिकत नाही. त्याचा अर्धायुकाल अवघा तीन ते पाच मिनिटांचा आहे. अर्धायुकाल हा शब्द तुम्ही किरणोत्सर्गाच्या धड्यात वाचला असेल, येथेही अर्थ तोच. अर्धायुकाल पाच मिनिटे धरला, तर बिघडलेली ग्रंथी काढल्यावर पाचव्या मिनिटाला निम्मे संप्रेरक उरेल आणि दहाव्या मिनिटाला पाव. निरोगी ग्रंथी गप्प असल्याने नवी भर जवळजवळ पडत नाही. अर्विन यांनी निकष ठेवला तो असा: गळ्याला छेद देण्यापूर्वीचा आणि ग्रंथी काढण्यापूर्वीचा, असे दोन नमुने घ्यावेत. त्यांतील जी पातळी जास्त असेल, तिच्यापेक्षा दहाव्या मिनिटाची पातळी पन्नास टक्क्यांहून अधिक घसरली, तर गळ्यात दुसरी बिघडलेली ग्रंथी बहुधा नाही. दोन आधीचे नमुने का? शस्त्रवैद्याची बोटे लागली की गाठ दाबली जाते आणि संप्रेरकाचा एक लोंढा रक्तात येतो. तो लोंढा लक्षात घेतला नाही, तर घसरण कोठून मोजायची तेच चुकते. निकष बहुतेक वेळा बरोबर ठरतो, सर्व वेळा नव्हे. काही शस्त्रवैद्य त्याहून कडक अट घालतात, पातळी निरोगी मर्यादेत आलीच पाहिजे अशी.

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला. दहा मिनिटे थांबायचे, रक्त तपासायचे, निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात मात्र कित्येक ठिकाणी शस्त्रवैद्य हात बांधून उभे राहतात, रोगी उघड्या गळ्याने भुलीखाली पडून असतो, आणि उत्तर येत नाही. यंत्राला लागतात साधारण दहा ते वीस मिनिटे, कोणते यंत्र आहे त्यावर अवलंबून. ती कमी करणे आपल्या हाती नाही. मग बाकीचा वेळ जातो कोठे?

रक्ताच्या नळीमागे आपण मनाने चालत जाऊ. भूलतज्ज्ञ रक्त काढतात. नळीवर चिठ्ठी नाही, म्हणून ती शोधली जाते. नळी न्यायला माणूस नाही, तो दुसऱ्या कामाला गेला आहे. प्रयोगशाळा दोन मजले खाली, लिफ्ट खोळंबलेली. खिडकीशी नळी इतर पन्नास नळ्यांच्या रांगेत ठेवली जाते, कारण ही निकडीची आहे हे कोणी सांगितलेले नाही. तंत्रज्ञ ती उचलतो तेव्हा सेंट्रिफ्यूज दुसऱ्या नमुन्यांसाठी फिरते आहे. यंत्राची सकाळची पडताळणी झालेली नाही, ती आधी करावी लागते. शेवटी उत्तर येते, आणि शस्त्रक्रियागृहाचा फोन कोणी उचलत नाही. यांतील एकही गोष्ट कोणाच्या अज्ञानामुळे घडलेली नाही. प्रत्येकाला आपापले काम उत्तम येते. मिनिटे गळतात ती एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना, दोन माणसांच्या मधल्या फटीत.

नळीचेच घ्या. या चाचणीसाठी जांभळ्या झाकणाची नळी वापरण्याची रीत आहे. तिच्यात ईडीटीए नावाचे रसायन असते. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. त्यामुळे रक्त तसेच सेंट्रिफ्यूजमध्ये घालून रक्तद्रव वेगळा काढता येतो. चुकून साधी नळी घेतली, तर आधी रक्त गोठण्याची वाट पाहावी लागते, आणि त्यातच सुमारे अर्धा तास जातो. चूक नळीच्या झाकणाच्या रंगाएवढी, आणि तिची किंमत भुलीखालचा अर्धा तास!

वेळेपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे चुकीचे उत्तर. ज्या नळीतून रोग्याच्या शिरेत सलाइन चालले आहे, तिच्यातूनच रक्त ओढले आणि पहिले काही मिलिलिटर टाकून दिले नाहीत, तर नमुना पातळ होतो. आधीची सर्वांत जास्त पातळी २४० होती आणि दहाव्या मिनिटाची खरी पातळी १५० आहे असे समजा. घसरण साडेसदतीस टक्के, म्हणजे दुसरी ग्रंथी शोधायला हवी. पण नमुन्यात निम्मे सलाइन आले, तर यंत्र ७५ दाखवील. घसरण एकोणसत्तर टक्के! शस्त्रवैद्य समाधानाने गळा शिवतील आणि विकार आतच राहील. रक्त जोरात ओढल्याने लाल पेशी फुटल्या, तर काही पद्धतींत पातळी खोटी कमी दिसते. रोगी केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असेल, तर ज्या चाचण्यांत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो त्यांतही पातळी खोटी कमी येते. ही चौकशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर करून उपयोग नाही, ती काही दिवस आधी व्हायला हवी.

येथे यादीचा संबंध येतो. यादी ही काही नवी कल्पना नाही. लग्नघरातही ती असते. पण कुशल माणसांनी, आपल्याला पाठ असलेल्या कामासाठी, प्रत्येक वेळी यादी वाचावी हा आग्रह विमानविद्येतून आला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन शहराजवळ राइट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या नव्या चार इंजिनांच्या विमानाची चाचणी होती. विमान उडाले, एकाएकी वर चढले आणि कोसळले. चालक अननुभवी नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने सुकाणूचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेली अडकण उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली होती, एवढेच. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वी वाचायच्या छोट्या याद्या तयार झाल्या. तेच विमान पुढे बी-१७ या नावाने बारा हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले.

शस्त्रक्रियागृहात ही रीत यायला बराच काळ जावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एकोणीस कलमांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद देण्यापूर्वी आणि रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन थांबे तिच्यात आहेत. आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीही होती, तिची पारख झाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे अकरा टक्क्यांवरून सातवर आले. तेव्हापासून निरनिराळ्या विशिष्ट कामांसाठी, जसे आपल्या संप्रेरक चाचणीसाठी, स्वतंत्र छोट्या याद्या बनवणे हा स्वाभाविक पुढचा टप्पा ठरतो.

अशा यादीत काय असावे? माझ्या मते तिचे मुख्य काम आठवण देणे हे नाही. शक्य तितके काम छेद देण्यापूर्वीच्या, निवांत वेळेत ढकलणे हे आहे. आदल्या दिवशी प्रयोगशाळेला कळवले का, बायोटिनची चौकशी झाली का. सकाळी यंत्राची पडताळणी व रसायने तयार आहेत का, एक सेंट्रिफ्यूज राखून ठेवले का. भूल देण्यापूर्वी जांभळ्या झाकणाच्या नळ्या मोजून, चिठ्ठ्या लावून, क्रमाने मांडल्या का, रक्त कोणत्या शिरेतून काढायचे ते ठरले का, नळी कोण नेणार त्याचे नाव फळ्यावर आहे का, उत्तर कोणत्या फोनवर यायचे आणि तो कोण उचलणार. शस्त्रक्रियागृहाचे व प्रयोगशाळेचे घड्याळ सारखे लावले का, हे कलम वाचून हसू येईल. पण ज्या चाचणीत पाच मिनिटांत संप्रेरक निम्मे होते, तिच्यात चार मिनिटे पुढे असलेले घड्याळ हसण्यावारी नेता येत नाही.

शस्त्रक्रिया चालू झाल्यावर यादीतले थोडेच उरते, आणि ते मोठ्याने बोलायचे असते.

“ग्रंथी बाहेर,” शस्त्रवैद्य म्हणतात.

“ग्रंथी बाहेर, दहा वाजून बेचाळीस,” परिचारिका फळ्यावर लिहिता लिहिता म्हणते. “डॉक्टर, दहा मिनिटांचा नमुना दहा बावन्नला.”

“ठीक आहे, सिस्टर. एक्कावन्नला मला सांगा,” भूलतज्ज्ञ म्हणतात.

आणि नंतर फोनवर:

“दहा मिनिटांचा नमुना. पातळी पंचावन्न.”

“पंचावन्न. पाच, पाच. बरोबर?”

“बरोबर, सिस्टर. पाच, पाच.”

आकडा सुटा सुटा करून परत म्हणण्याची ही रीत मराठीत तर फारच गरजेची. फोनवरच्या खरखरीत ‘पंचावन्न’ आणि ‘पंच्याण्णव’ यांची गल्लत व्हायला कितीसा वेळ लागतो?

यादी म्हणजे मंत्र नव्हे, हेही येथेच सांगून टाकू. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात रुग्णालयांना शस्त्रक्रिया सुरक्षा यादीची सक्ती झाली, तेव्हा १०१ रुग्णालयांतील आधीच्या व नंतरच्या तीन-तीन महिन्यांची तुलना करण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू वा गुंतागुंत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. कागदावर खुणा करणे आणि थांबून विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसअखेरीस एकदम सर्व चौकोनांत बरोबरच्या खुणा करणारी यादी आपण शाळेच्या हजेरीपुस्तकातही पाहिलेली असते! कलमे फार झाली तरी तेच होते. चाळीस कलमांची यादी कोणी वाचत नाही.

मग आपल्या यादीने काही सुधारले की नाही हे ओळखायचे कसे? मोजून. नळीच्या प्रवासातील प्रत्येक ठाण्यावर वेळ लिहायची: रक्त काढले, नळी निघाली, पोचली, सेंट्रिफ्यूजमध्ये गेली, यंत्रात गेली, उत्तर कळवले. अशा वीस-पंचवीस शस्त्रक्रियांच्या नोंदी यादीपूर्वीच्या आणि तितक्याच नंतरच्या घ्यायच्या. येथे सरासरीपासून सावध राहावे. समजा, पाच वेळा नळी पोचवायला ४, ५, ५, ६ आणि ३१ मिनिटे लागली. सरासरी येते १०.२ मिनिटे, पण दहा मिनिटे एकदाही लागलेली नाहीत! मध्यांक ५ येतो. तो नेहमीची स्थिती बरी सांगतो, पण त्या एकतीस मिनिटांवर पांघरूण घालतो. आणि शोध घ्यायचा तो नेमका त्या एकतीस मिनिटांचाच. त्या दिवशी काय झाले होते? लिफ्ट बंद होती, की नेणारा माणूस ठरलेलाच नव्हता? उत्तर सापडले की यादीत एक कलम वाढते किंवा एक निरुपयोगी कलम गळते, आणि मोजणी पुन्हा सुरू होते. शिक्षकांना सांख्यिकीच्या तासाला हे उदाहरण उपयोगी पडावे.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. छेद देण्यापूर्वी पातळी १९०, ग्रंथी काढण्यापूर्वी २६०, काढल्यावर पाचव्या मिनिटाला १४८ आणि दहाव्या मिनिटाला ९२. शस्त्रवैद्याने काय करावे? सर्वांत जास्त पातळी २६०, तिचे निम्मे १३०. दहाव्या मिनिटाची ९२ ही त्याखाली आहे, घसरण सुमारे पासष्ट टक्के. गळा शिवायला हरकत नाही. आता असे धरा की नळ्यांवर वेळ लिहिलेली नव्हती आणि शेवटच्या दोन नळ्यांची प्रयोगशाळेत अदलाबदल झाली. फोनवर ‘दहावे मिनिट, १४८’ असे कळवले जाईल. घसरण त्रेचाळीस टक्के. आकडे दोन्ही खरे, यंत्र अचूक, आणि शस्त्रवैद्य आता गळ्याच्या दुसऱ्या बाजूला, नसलेली गाठ शोधू लागतील.